लिलावाच्या कट्ट्यावरची डोकेदुखी

डोकेदुखी ह्या विषयात रत्नागिरी तालुक्यात माझ्याइतका अनुभव कोणाला नाही. शेकडो दुखरी डोकी ह्या दोन हातांखालून गेली आणि एकही दगावलं नाही. म्हणजे, खरं सांगायचं तर हातांत टॅब होता. डोकी तपासायचा तो डॉक्टर मुंबईत बसलेला असायचा, आणि मी सातवीत दोनदा बसून शाळेला रामराम केलेला माणूस. पण टॅब मी धरत होतो. माझा हात हलला असता तर डॉक्टरला पेशंटच्या कपाळाच्या जागी समुद्र दिसला असता. एवढं श्रेय माझं.

अशा कामात किस्से साठतात. होडीच्या तळाला पाणी साचतं तसे. कुठून आले कळत नाही, पण चार दिवस उपसलं नाही तर होडी जड होते. माझी झालीय. तेव्हा बसा जरा, उपसतो.

*

आमची वाडी पूर्णगडच्या खाडीच्या अलीकडे. आरोग्य उपकेंद्र आहे, पण ते जांभ्याच्या डोंगराखाली अशा खळग्यात बांधलंय की तिथे पाऊस सोडून वरून काही पोचत नाही. नेमका तिथेच टॅब आला. रत्नागिरीहून साहेब आले, नारळ फुटला, फीत कापली. साहेबांनी टॅब चालू केला आणि त्याच्यावर एक चक्र फिरायला लागलं. अर्धा तास फिरलं. साहेब म्हणाले, "आता मुंबईचा मेंदूचा डॉक्टर तुमच्या दारात आला."

आमची सिस्टर साताऱ्याकडची, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "दारात आलाय सर, आत येईना झालाय."

मग नेटचा शोध सुरू झाला. सिस्टर टॅब डोक्यावर धरून अख्खी वाडी फिरली. रेंज मिळाली ती जेट्टीवर, मासळीच्या लिलावाच्या कट्ट्यावर, आणि तिथेही फक्त तिसऱ्या खांबापाशी. गुरुवारी आमच्याकडे मासळी कमी खपते, लिलाव सकाळी लवकर उरकतो, कट्टा धुऊन मोकळा असतो. झालं. दर गुरुवारी अकरा वाजता, तिसरा खांब, डोकेदुखीवाल्यांनी यावं.

मी चाळीस वर्षं तांडेल होतो, सुकाणू धरून हात स्थिर झालेला. सिस्टरने विचारलं, "तांडेलकाका, तुम्हाला गुरुवारी काय काम असतं?" मी म्हटलं, "नसतं." ती म्हणाली, "इतर दिवशी असतं?" अशी माझी नेमणूक झाली.

कट्ट्यावर कायम पाच-सहा जण जाळी दुरुस्त करत बसलेले. त्यामुळे पेशंटचं दुखणं डॉक्टरला ऐकू जायच्या आधी त्यांना ऐकू जायचं. डॉक्टर बिचारा प्रत्येकाला सांगायचा, "तुमची माहिती गुप्त राहील." आणि मागून कोणीतरी म्हणायचं, "व्हय व्हय."

*

आता शेवंतीवहिनीचं सांगतो, कारण पुढचं निम्मं तिचंच आहे.

शेवंतीवहिनी माझी शेजारीण. साठीची, विधवा. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन वरच्या वाड्यांमधून दारोदार विकते. ठरलेली बावीस घरं. पस्तीस वर्षं ती घरं तिची आहेत, दुसऱ्या कोणा बाईने तिथे पाऊल टाकलेलं नाही. दोन वर्षांपासून तिचं डोकं दुखायचं. एकुलता एक मुलगा नितीन मुंबईत नोकरीला. त्याने फोनवर सांगितलं, "आये, मेंदूच्या डॉक्टरला दाखव. तो नको म्हणाला तर पाटी बंद, आणि तू इकडे." ती वैतागून "बरं" म्हणाली. आणि शेवंतीवहिनी "बरं" म्हणाली की ते भरतीला पण मागे फिरत नाही.

म्हणजे तिची पाटी आता त्या डॉक्टरच्या जिभेवर. आणि वाडीने निकाल आधीच लावलेला. डोक्यावर पाटी म्हणून दुखतं डोकं, त्यात मुंबईला कशाला विचारायचं?

ती पहिल्यांदा बसली तेव्हा डॉक्टर म्हणाला, "आजी, एक ते दहामध्ये सांगा, किती दुखतं? एक म्हणजे अगदी थोडं, दहा म्हणजे सहन न होणारं."

आता बघा, कुठे बसवून काय विचारतोय. ज्या कट्ट्यावर ही बाई बोली लावते, तिथे तिला आकडा विचारला. आणि आकडा चढला तर पाटी जाणार हे तिला माहीत. ती म्हणाली, "दोन."

डॉक्टर म्हणाला, "दोनला औषधाची गरज नाही."

"मग तीन."

"तीन की दोन?"

"साडेतीन. पुढं मी जाणार नाय."

जाळीवाल्यांच्या हातातल्या सुया थांबल्या. एकजण सवयीने म्हणाला, "चार." दुसरा म्हणाला, "पाच." वहिनी वळून त्यांच्यावर खेकसली, पण बोली चालू झाली की थांबते होय? सहा झाले. तेवढ्यात माझ्या तोंडून सात निघून गेले. आणि मी पुढे म्हटलं, "सात एक, सात दोन, सात तीन."

सिस्टरने सात लिहिले.

डॉक्टरचा चेहरा गंभीर झाला. "सात म्हणजे बरंच आहे. डोक्यावरचं ओझं बहुतेक बंद करावं लागेल. आधी जरा तपासू."

वहिनीने पंधरा दिवस माझ्याशी शब्द काढला नाही. त्याचं काही नाही. पण उरलेला बांगडा माझ्या दारात ठेवायची, तो पण बंद केला.

*

गोविंद खलाशाचा किस्सा असाच. आठ दिवस समुद्रात राहून त्याच सकाळी उतरला आणि डोकं धरून कट्ट्यावर आला. डॉक्टरने त्याला चालायला लावलं. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत, सरळ रेषेत. गोविंद तीन पावलं टाकून डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग खांब धरला.

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकला. "तोल किती दिवसांपासून जातोय?"

मी म्हटलं, "लग्नाच्या आधीपासून."

"ह्यांना आजच्या आज रत्नागिरीला न्या. डोक्याचा स्कॅन करा."

मी म्हटलं, "डॉक्टर, हा आठ दिवस बोटीवर होता. ह्याच्या पायाखालची जमीन अजून हलतेय. संध्याकाळपर्यंत थांबेल."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पण मला चालवलंत तर मला पण पाठवाल स्कॅनला."

डॉक्टर तरुण होता, जिद्दीचा. म्हणाला, कट्ट्यावरचे सगळे एकेक करून चाला बघू. सगळे चालले. सगळे झुलले. डॉक्टरने चष्मा काढून पुसला. बोटीवर जन्म काढलेली माणसं, पाय फाकवूनच चालणार. टाचेला अंगठा कुठून लागायचा?

रेषेत चालला तो एकटा पांडू, बर्फाच्या कारखान्यातला. एखादा पोलीस कवायतीत चालेल तसा. डॉक्टर खूश झाला. "हे बघा. ह्याला म्हणतात नॉर्मल."

पांडू सकाळपासून पिऊन तर्र होता. लोक बघत असले की सरळ चालायचं, ही त्याची पंधरा वर्षांची प्रॅक्टिस.

*

आमचे गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. त्यांचं डोकं दुखायचं, आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली की ऐकणाऱ्याचं दुखायचं. मोबाईलवर वाचून त्यांनी स्वतःचा आजार ठरवून आणलेला. दोन कागद पाठपोट लिहून आणलेले. टॅबसमोर बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी आधी पार्श्वभूमी सांगतो."

पार्श्वभूमी त्यांच्या मुंजीपासून सुरू झाली.

दोन मिनिटांत नेट गेलं. डॉक्टरचं चित्र होतं तिथेच थिजलं. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला, डोळे गुरुजींवर. टॅब माझ्या हातात, मला कोपऱ्यातलं चक्र दिसत होतं. गुरुजींचा चष्मा लांबचा, त्यांना दिसलं नाही. मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

गुरुजी पाऊण तास बोलले. बदल्या, शाळेचं गळकं छप्पर, सुनेचं वागणं, सगळं आलं. शेवटी त्यांचे डोळे भरून आले. सिस्टरला म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मध्ये न बोलता माझं ऐकलं हो."

उठताना मानेला झटका देऊन बघितला. "अरेच्चा, डोकं उतरलं की."

पुढच्या गुरुवारी डॉक्टर दिसत होता, हलत होता, मध्ये प्रश्न विचारत होता. गुरुजी उठून मला म्हणाले, "आज हा काही लक्ष देत नव्हता."

*

इकडे शेवंतीवहिनीने शपथ घेतलेली की त्या डब्यासमोर परत बसणार नाही. पण डोकं काही शपथ पाळत नव्हतं. आणि तपासणी अर्धी सोडली तर नितीन थेट गाडी घेऊन न्यायलाच येणार. सातचा आकडा माझा. वाईट मला पण वाटतं कधीकधी, जेवण झाल्यावर.

मी म्हटलं, "वहिनी, तुझं डोकं मी नेतो." तिने नुसती मान हलवली.

बेत असा. मी पेशंट म्हणून बसणार आणि तिचं दुखणं माझं म्हणून सांगणार. टॅब गोविंद धरणार. वहिनी टॅबच्या मागे बसणार आणि मला खुणा करणार. औषध माझ्या नावावर, गोळ्या तिच्या पोटात. पाटीचा विषयच नाही.

मी डोकं धरून बसलो तेव्हा सिस्टरने विचारलं, "तुमचं पण दुखतंय? लोकांचं दुखवता तेवढं पुरत नाही?"

डॉक्टर म्हणाला, "कुठे दुखतं?" वहिनीने दोन्ही कानशिलं दाबली. मी दाबली. "कधी सुरू होतं?" तिने वर सूर्याकडे बोट केलं, मी म्हटलं उन्हं चढली की. "मळमळतं?" तिने पदर तोंडाला लावला. माझ्याकडे पदर नव्हता, मी रुमाल लावला.

डॉक्टर म्हणाला, "काका, प्रत्येक उत्तराआधी तुम्ही समोर कोणाकडे बघता?"

मी म्हटलं, "देवाकडे."

सगळं सुरळीत चाललेलं, पण सिस्टरने नियम म्हणून माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. फुगवला, सोडला. परत फुगवला. मग तिने तो आकडा डॉक्टरला असा हळू आवाजात सांगितला की जाळीवाल्यांनी पण माना वर केल्या.

डॉक्टर डोकेदुखी विसरलाच. "काका, सुकी मासळी बंद. लोणचं, पापड बंद. उद्यापासून रोज एक गोळी, आणि ती आता कायम."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा वहिनीचा आवाज ऐकला. टॅबच्या मागून ती म्हणाली, "भावोजी, माझा डोका न्यायला गेलाव नि स्वतःचा ठेवून आलाव."

माझी फजिती बघून तिचा राग गेला. पुढच्या गुरुवारी ती आपणहून डॉक्टरसमोर बसली.

*

डॉक्टरने तिला डायरी ठेवायला सांगितली. तीन आठवडे, रोज. दुखलं का, किती वाजता, दिवसभर काय केलं. वहिनीला लिहिता येत नाही. लेखनिक मी. म्हणजे आंधळ्याने लंगड्याला वाट दाखवायची.

तिला तारखा कळत नाहीत, तिला मासळी कळते. ती संध्याकाळी अंगणात बसून सांगायची, मी लिहायचो. "सौंदाळ्याचा दिवस. दुखलं नाही." "बांगडा स्वस्त, पाटी दुपारीच रिकामी. दुखलं नाही." "कोळंबी महाग, चार घरांनी परत पाठवलं, शिव्या घातल्या. दुखलं नाही." "सोमवार. पाटी नाही. घरी. दुखलं."

सिस्टरने पानांचे फोटो पाठवले. गुरुवारी डॉक्टर ते घेऊन बसला. पहिला प्रश्न, "सौंदाळा म्हणजे काय?"

जन्मापासून शाकाहारी निघाला. जाळीवाले उठून टॅबभोवती जमले. कोणी उरलेला सौंदाळा आणून कॅमेऱ्यासमोर धरला, कोणी बांगडा धरला, पांडूने बर्फ धरला. तासभर आम्ही मुंबईच्या मेंदूच्या डॉक्टरला मासळी शिकवली. फी मागितली नाही.

सगळं शिकून झाल्यावर तो म्हणाला, "पण आजी, पाटी नसते त्याच दिवशी तुमचं डोकं दुखतं. सोमवार, गुरुवार, शनिवार. बाकी एकदाही नाही."

तीन आठवडे माझ्या हाताने लिहिलं होतं. मला दिसलं नव्हतं. माझी नजर माझ्या अक्षरावर.

वहिनीला त्यात नवल वाटलं नाही. "मग. धावताना कोण दमतो काय? बसल्यावर दमतो. चार दिवसाचा ओझा त्या दिवशी भायेर पडतो."

डॉक्टरने डोकं खाजवलं. म्हणाला, "पुढच्या गुरुवारी तुमच्या मुलाला पण कॉलवर घ्या. मला निर्णय द्यायचाय."

त्या आठवड्यात वहिनीने पाटी घासून घासून पांढरी केली. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "कोणाला द्यायची झाली तर घाण कशी देऊ?" चावट उत्तर द्यायचं सोडून मी पाटीवर पाणी ओतत बसलो. वय झालं.

*

तो गुरुवार. टॅबवर दोन चौकोन. एकात डॉक्टर, दुसऱ्यात नितीन, त्याच्या मुंबईच्या घरातून. खुर्चीवर वहिनी, नवं लुगडं, हात मांडीवर. जाळीवाले होते, पण जाळ्याला कोणी हात लावला नव्हता.

नितीन म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही एकदा सांगून टाका तिला. पाटी बंद. माझं ऐकत नाही."

डॉक्टर म्हणाला, "थांबा. आजी, मासळीच्या दिवशी सकाळपासून काय करता, सगळं सांगा. काही सोडू नका."

वहिनी सांगायला लागली. "पाटे उठते. कोरा चहा घेते. लिलाव होतो. पाटी भरते. घाटी चढले की पयलं घर खोतांचं. वैनी चहा देते. मग पलीकडं तिची जाव. दोघींचं जमत नाय, एकीकडं घेतला नि दुसरीकडं नाय घेतला तर रुसते. मग शाळेच्या बाई. मग देवळाकडं गुरवीण, ती दूध जास्त घालते..."

"थांबा," डॉक्टर म्हणाला. त्याने कागद उलटून बघितला. "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, दिवसाला चहा किती. तुम्ही एक सांगितलात."

"एकच."

"आता तर पाच झाले."

"ते लोकांचे," वहिनी म्हणाली. "माज्या घरचा एकच. लोकांचा चहा मी कशाला मोजू?"

"एकूण किती घरी देतात?"

वहिनीने बोटांवर मोजलं. सात घरं.

"आणि सोमवारी, गुरुवारी, शनिवारी?"

"तवा वर जात नाय. घरचा तेवढा."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकला. पहिल्यांदाच त्याला हसताना बघितला. म्हणाला, "आजी, तुमच्या शरीराला आठ चहांची सवय आहे. ज्या दिवशी एकावर येता, त्या दिवशी ते भांडतं. चहा हळूहळू कमी करायचा, एकदम तोडायचा नाही. पाटीचा आणि तुमच्या डोक्याचा काही संबंध नाही."

वहिनीने पदराने मान पुसली. मागे गोविंद म्हणाला, "म्हणजे पाटी ऱ्हायली." कोणीतरी त्याला गप्प केलं.

नितीनने चौकोनातून तोंड पुढे आणलं. पोरगा वाईट नाही, आईची काळजी आहे त्याला. म्हणाला, "आये, ते झालं. पण मी काय म्हणतो, ह्या वयात सात घरांच्या चहासाठी डोंगर कशाला चढायचा? तू इकडे ये. आपलं घर आहे. बस आणि दिवसभर हवा तेवढा चहा पी."

वहिनी खुर्चीवरून उठली, पदर खोचला, आणि टॅबजवळ तोंड नेऊन म्हणाली, "गेल्या पावसात आठ दिवस तुज्याकडं होते, नित्या. आठय दिवस दुखत होता."